कॉफीच्या जखमेची वही

"जरा जपून. भूल अजून पुरती उतरलेली नाही," इंगवले सर म्हणाले आणि गाडीचं मागचं दार उघडून दोन पावलं मागे सरकले.

मागच्या सीटवर चादरीत त्यांची कुत्री पडली होती. लॅब्राडोर, वय दीड वर्ष, वजन तेवीस किलो, नाव कॉफी. जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा मोठा भोंगा होता आणि तो सीटच्या कडेला टेकून वाकडा झाला होता. पोटावरचे केस भादरून काढलेले होते. गुलाबी कातडीवर चार इंचांची शिवण होती, निळ्या धाग्याचे आठ टाके. पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात ती शस्त्रक्रिया सकाळी दहाला झाली होती. आता दुपारचे अडीच वाजत होते.

मी आणि आईनं चादरीची टोकं धरून तिला झोळीसारखं उचललं आणि घरात आणलं. सरांनी हात लावला नाही. त्यांची पँट पांढरी होती.

"दहा-अकरा दिवसांचा तर प्रश्न," ते दारातूनच म्हणाले. "हिची मालकीण पुण्याला लेकीच्या बाळंतपणात अडकलीय. माझ्यामागे कार्यक्रमाची गडबड. म्हटलं, आपल्या शैलजाइतकं काटेकोर कोण आहे?"

"हो, सर."

त्यांनी खिशातून एक पांढरी डबी काढून माझ्या हातात दिली. डबीला हिरवं लेबल होतं, त्यावर झुडपाचं चित्र. मलमाचं नाव अजून छापलेलं नव्हतं.

"हे दिवसातून दोनदा जखमेवर लावायचं. न चुकता. पुढच्या रविवारी सभागृहात मी हिच्या जखमेचे फोटो दाखवणार आहे. चौगुले येतायत, कारखान्याचे मालक. मलम तेच काढणार."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी डबीकडे पाहत होते.

"लक्षात ठेवते, सर. पण एक पद्धत पाळू या." मी आतून कोऱ्या कागदाची अरुंद पट्टी आणि डिंक आणला. डबीच्या झाकणावरून पट्टी आडवी नेऊन दोन्ही बाजूंना खाली चिकटवली. "हिच्यावर सही आणि तारीख करा. म्हणजे डबी तुम्ही दिली तीच, मी बदलली नाही, हे नक्की राहील. आणि ही वही. रोज एक पान लिहीन, रोज तुमची सही घेईन."

सर हसले. "अजून राग गेला नाही वाटतं तुझा?"

"राग कसला, सर. तुम्हीच समितीपुढे सांगितलं होतं. मार्गदर्शकाची सही नसलेली नोंद म्हणजे नोंदच नव्हे."

"बरोबर आहे. शिकलीस." त्यांनी पेन काढलं, दाराच्या चौकटीला डबी टेकवून पट्टीवर सही केली, मग वहीच्या कोऱ्या पहिल्या पानावर खाली आधीच सही करून टाकली. "वर काय लिहायचं ते लिही गं तू. माझा विश्वास आहे."

गाडी निघून गेली. आई कंबरेवर हात ठेवून कुत्रीकडे बघत राहिली.

"काय गं शैला, जगात दुसरी कुत्री नव्हती? त्या माणसाचंच लोढणं गळ्यात घेतलंस?"

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. सांगलीजवळच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली तर घरी बसायचं. पीएच.डी.साठी तीन वर्षं इंगवले सरांच्या हाताखाली काम केलं. बांधावर उगवणारं एक साधं झुडूप होतं. त्याच्या पाल्याचा अर्क जखमेतल्या जंतूंना मारतो का, ते मी बघत होते. झुडपाचं नाव लिहीत नाही, त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही.

चार वह्या भरल्या. दर वेळी सर म्हणायचे, "ठेवून जा, बघून सही करतो." सात महिने वह्या त्यांच्या कपाटात होत्या. मग एके दिवशी ग्रंथालयात एक नियतकालिक चाळताना मला माझे तक्ते दिसले, माझे आकडे दिसले. वर नाव सरांचं होतं आणि त्याखाली त्यांच्या पुतण्याचं. हा पुतण्या आमच्या प्रयोगशाळेत एकदाही आला नव्हता.

मी तक्रार केली. प्राचार्य खोतांनी तिघांची समिती नेमली. माझ्या चारही वह्या टेबलावर आल्या. एकाही पानावर सही नव्हती. खोत म्हणाले, "बाई, या नोंदी कोणी, कधी केल्या हे कसं ठरवायचं?" सर म्हणाले, "मुलगी हुशार आहे. पण माझं तोंडी सांगणं लिहून घ्यायची आणि तेच स्वतःचं समजायची." माझी नोंदणी रद्द झाली. मी मात्र त्याच कॉलेजात तास घेत राहिले. दुसरीकडे नोकरी नव्हती आणि आईचं पेन्शन दोघींना पुरत नव्हतं.

आई सरकारी दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होती. संध्याकाळी तिनं कॉफीच्या हिरड्या दाबून बघितल्या, कान चाचपले, पोटावरच्या शिवणीजवळ वाकून वास घेतला.

"टाके झकास घातलेत," ती म्हणाली. "डॉक्टर कोण?"

"तांबोळी."

"माणूस नीट दिसतो." मग तिनं माझा डावा हात धरला आणि ब्लाउजची बाही वर सरकवली. दंडावर साडेतीन सेंटिमीटरचा वण होता. कातडी तिथं चकाकते, केस येत नाहीत. "हे विसरलीस?"

विसरायचा प्रश्न नव्हता. माझी पाचवी वही त्याच वणाची होती. काचेच्या बशीत अर्कानं जंतू मरत होते, हे चार वह्यांमध्ये होतं. पण तेवढाच तीव्र अर्क मलमात घालून कातडीवर लावला तर कातडी ते सोसते का, हे बघायचं राहिलं होतं. ते मी माझ्या दंडावर बघितलं. तिसऱ्या दिवशी कातडी सोलून निघाली. आई तीन आठवडे पट्ट्या बदलत होती. मी दंड सरांना दाखवला तेव्हा ते म्हणाले होते, "तुझी कातडी नाजूक असेल. हे लिहीत बसू नकोस." मी लिहिलं. पण ते सगळं घरी बसून लिहिलं, म्हणून पाचवी वही त्यांच्या कपाटात गेली नाही. चोरीत त्यांच्या हाती अर्धंच काम लागलं होतं आणि ते पुरं आहे असं त्यांना वाटत होतं.

"समितीत मी दंड दाखवला होता," मी म्हणाले. "खोत म्हणाले, वैयक्तिक गोष्टी इथं नकोत."

"मग आता काय अडलंय?" आईचा आवाज खाली आला. "त्यानं लाव म्हटलंय ना? लाव की. तो दोनदा म्हणाला, तू तीनदा लाव. तिसऱ्या दिवशी हिच्या पोटाचं काय होतं ते बघू दे त्या चौगुल्याला, पडद्यावर, एवढं मोठं करून."

"आई, पोट तिचं आहे."

"आणि हा दंड कोणाचा होता?"

खरं सांगायचं तर सर स्टाफरूममध्ये कुत्रीबद्दल विचारायला आले, त्यांनी मलमाचं नाव काढलं, तेव्हाच हा विचार माझ्या मनात आला होता. म्हणूनच मी हो म्हटलं होतं.

रात्री तिला दोन चमचे दहीभात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर तांबोळींना फोन केला.

"ते मलम लावायचं म्हणाले का तुम्हाला?" डॉक्टर एकदम चढ्या आवाजात म्हणाले. "मलाही सांगत होते. मी म्हटलं, सर, स्वच्छ टाक्यांना काही लागत नाही, कोरडे ठेवले की बास. कुत्री तुमची, मर्जी तुमची, पण मग माझं नाव कुठं घेऊ नका. मी सूचनांचा कागद दिलाय, तो वाचलात?"

औषधांच्या पिशवीतला तो कागद मी वाचला होता आणि वहीच्या पहिल्या पानावर, सरांच्या सहीच्या वर, चिकटवलाही होता. जखम कोरडी ठेवावी. जखमेवर काहीही लावू नये. चाटू देऊ नये. जिने, उड्या, अंघोळ दहा दिवस बंद. फिरणं फक्त आखूड साखळीनं. सूज, लाली, पाणी किंवा वास आला तर लगेच आणावं.

पहिले दोन दिवस भोंग्यात गेले. कॉफी दाराच्या चौकटीला आपटायची, माठाला आपटायची, मग मागे वळून आपल्याला कोणी मारलं ते शोधायची. भांड्यातलं पाणी तिला पिता येईना, भोंग्याची कड आधी जमिनीला लागायची. मी दोन विटांवर भांडं ठेवलं. तेव्हा इतकं प्यायली की भोंग्यातून पाणी गळून पोटाखाली आलं, आणि मला जमीन पुसून तिची जागा बदलावी लागली.

समोरच्या कुलकर्णीकाकू फाटकातून म्हणाल्या, "अगंबाई, कुत्र्याला लाउडस्पीकर!"

"निवडणुकीला उभी राहिलीय," आई म्हणाली. कुत्रीबद्दल तिनं केलेला तो पहिला विनोद.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा भिंतीला घासघासून कॉफीनं स्वतःच्या मानेवर ओरखडा काढला. आईनं माझा जुना सुती कुडता कापला, पुढच्या पायांना दोन भोकं ठेवली, पाठीवर नाड्या लावल्या, शेपटीकडची बाजू वर कापून घेतली म्हणजे शी-शू करताना भिजू नये. झबल्यासारखं ते अंगावर चढलं तेव्हा कॉफी पुतळ्यासारखी उभी राहिली. डोळे फक्त हलत होते.

"गप उभी राहा, बये. वॉर्डात भल्याभल्यांना मी असंच गुंडाळलंय," आई दातात नाडी धरून म्हणाली.

झबल्यामुळे भोंगा दिवसा काढून ठेवता आला. ती झोपली की पुन्हा चढवायचा. वेदनेची गोळी केळ्याच्या फोडीत जायची. मी सकाळी सात आणि संध्याकाळी सात वाजता झबलं सोडून शिवण बघायची. कडा चिकटल्या आहेत का, टाक्याभोवती लाली किती मिलिमीटर, हाताला गरम लागतं का. सगळं वहीत जायचं.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, आई बाजारात गेली. मी कपाटातून डबी काढली आणि कॉफीच्या गोधडीशेजारी जमिनीवर बसले. झबल्याच्या नाड्या सोडल्या. तिला वाटलं नेहमीची तपासणी आहे. ती आपणहून कुशीवर वळली, मागचा पाय वर उचलून धरला आणि पोट उघडं करून वाट बघू लागली. तीन दिवसांत ती एवढं शिकली होती.

शिवण सुंदर होती. लाली दोन मिलिमीटर, तीही उतरत होती.

मी डबी हातात धरून बराच वेळ बसले. त्या क्षणी मला कुत्रीची दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. माझ्या डोळ्यांसमोर पडदा होता, त्यावर फुटलेली जखम होती आणि सरांचा चेहरा होता. अंगठा पट्टीच्या कडेवर होता. आणि मग, नेहमी हिशेब मांडते तसा, पुढचा टप्पा मी मांडून बघितला. जखम चिघळली. सभागृहात लोक विचारतात, काय झालं? सर काय म्हणतील? ते म्हणतील, मलम उत्तम आहे, पण ही बाई निष्काळजी. किंवा म्हणतील, हिनं मुद्दाम केलं, हिचा जुना राग आहे, विचारा प्राचार्यांना.

तेव्हा मला कळलं की त्यांनी माझी निवड का केली होती. माझा दंड त्यांनी पाहिला होता. मलमाची त्यांनाही पुरती खात्री नव्हती. जखम भरली तर यश त्यांचं. नाही भरली तर दोष देण्यासारखं माणूस तयार, आणि त्या माणसाची तक्रार फेटाळलेली. कॉलेजात इतकं सोयीचं दुसरं कोणी नव्हतंच.

कॉफीचा पाय अवघडून थरथरायला लागला, तरी तिनं तो खाली घेतला नव्हता.

मी नाड्या बांधल्या. डबी कपाटात ठेवली. वहीत तिसऱ्या दिवसाची नोंद पूर्ण केली आणि शेवटी एक ओळ लिहिली. मग मागे जाऊन पहिल्या दोन पानांवर बघितलं. त्या दोन्ही दिवशी तेच खरं होतं, आणि शेवटी, सहीच्या वर, जागा होती. तिथंही तीच ओळ त्या त्या तारखेखाली लिहिली. पुढे रोज लिहिली.

आई आल्यावर तिनं आधी कॉफीचं पोट बघितलं, मग माझ्याकडे. "नाही लावलंस," ती म्हणाली. तिच्या आवाजात काय होतं ते मला ओळखता आलं नाही. पण त्या दिवशी बाजारातून तिनं कॉफीसाठी अर्धा किलो लाल भोपळा आणला होता, तिचं पोट साफ राहावं म्हणून.

रोज साडेदहाला मी वही घेऊन सरांच्या खोलीत जायची. रविवारी त्यांच्या बंगल्यावर गेले. ते फोनवर असायचे. डावा हात पुढे करायचे, मी पान उघडून धरायची, ते सही करायचे. कॉलेजात हजेरीपत्रकं, बिलं, मुलांची प्रयोगपत्रकं, सगळं ते असंच करायचे. आम्ही सगळे ते रोज बघत होतो. माझ्या चार वह्यांवर सही न करायला मात्र त्यांना किती लक्ष द्यावं लागलं असेल, हे मला तेव्हा जाणवलं.

मंगळवारी फोन नव्हता. त्यांनी चष्मा लावला आणि वही स्वतःकडे ओढली. मी टेबलाच्या कडेला बोटं टेकवून उभी राहिले. त्यांनी वरची ओळ वाचली. "शरीराचं तापमान, भूक, लाली..." मग मान हलवली. "अक्षर बाकी सुरेख आहे तुझं. आमच्या पुतण्याचं बघवत नाही." आणि सही केली.

बुधवारी संध्याकाळी ते कॅमेरा घेऊन घरी आले. कॉफी झबलं घालून त्यांच्यासमोर उभी राहिली, शेपटी हलवली, मग आईच्या मागे जाऊन बसली.

"हे काय ध्यान केलंय हिचं? काढा ते." झबलं काढलं. त्यांनी जखमेचे फोटो घेतले. जखम जवळजवळ मिटली होती, निळे टाकेच काय ते दिसत होते. "वा! बघितलंस? सातव्या दिवशी!" ते आईला म्हणाले. "सिस्टर, तुमच्या सरकारी दवाखान्यात असं भरतं का काही?"

"तिथं नुसतं भरतं, फोटो नाही काढत," आई म्हणाली.

"डबी आण गं, शैलजा. शेजारी ठेवू."

मी डबी आणून दिली. ती त्यांनी कॉफीच्या पोटाशेजारी ठेवली, लेबल कॅमेऱ्याकडे वळवलं, दोन फोटो काढले.

"रोज लावतेस ना?"

"रोजचं रोज वहीत लिहिते, सर."

"शाब्बास."

रविवारी सकाळी डॉक्टर तांबोळींनी टाके काढले. आठ टाके, आठही स्वच्छ. "टाके नव्हतेच असं वाटतंय," ते म्हणाले आणि कॉफीला बिस्किट दिलं.

अकरा वाजता सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत चौगुले बसले होते, जाडजूड, सफारी घातलेले, गुडघ्यावर हात ठेवून. शेजारी प्राचार्य खोत. सर अर्धा तास बोलले. मग पडद्यावर कॉफीचं पोट आलं, त्याशेजारी हिरव्या लेबलची डबी. टाळ्या पडल्या.

"ही माझ्या स्वतःच्या घरची कुत्री," सर म्हणाले. "इतका माझा या मलमावर विश्वास आहे. दिवसातून दोनदा, दहा दिवस. आणि हे काम ज्यांनी केलं त्या आमच्या शैलजा मगदूमबाई. कधीकाळी त्यांचे माझ्याशी मतभेद होते. आज त्यांनीच या मलमाची साक्ष द्यावी, यापरता आनंद कोणता? या बाई, वही वाचून दाखवा."

मी पिशवीतून वही आणि डबी काढली. मंचावर गेले. माझा आवाज मोठा नाही. सरांनी ध्वनिक्षेपक माझ्याकडे सरकवला.

"दिवस पहिला, गुरुवार. जखमेची लांबी दहा सेंटिमीटर, टाके आठ. टाक्यांभोवती लाली पाच मिलिमीटर. रात्री दहीभात दोन चमचे. डॉक्टरांची सूचना सोबत: जखमेवर काहीही लावू नये. मलम लावले नाही. डबी सीलबंद."

सभागृहात कोणाच्या लक्षात आलं नाही. सरांच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं.

"दिवस दुसरा, शुक्रवार. लाली चार मिलिमीटर. वेदनेची गोळी दोनदा. भोंग्याऐवजी सुती झबलं. मलम लावले नाही. डबी सीलबंद. दिवस तिसरा, शनिवार. लाली दोन मिलिमीटर. कडा चिकटल्या आहेत. मलम लावले नाही. डबी सीलबंद."

"थांब," सर म्हणाले. "काय वाचतेयस तू?"

"वही, सर. दिवस चौथा..."

"हा काय फाजीलपणा आहे! हे तू आत्ता घुसडलंयस."

"प्रत्येक नोंदीखाली तुमची सही आहे, सर. तारखेसह."

चौगुले उठले आणि मंचापाशी आले. वही घेऊन त्यांनी एकेक पान उलटलं, प्रत्येक सहीवर बोट ठेवून मोजलं. "दहा," ते म्हणाले. "इंगवले, तुमच्याच ना या?" मग त्यांनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं. "आणि ते डबीवर पांढरं काय आहे हो? जरा मोठं करा ते चित्र."

चित्र मोठं झालं. झाकणावरून गेलेली पट्टी दिसली. अखंड. तिच्यावर सरांची सही आणि पहिल्या दिवसाची तारीख.

सर माझ्याकडे वळले. "ही बाई... खोतसाहेब, तुम्हाला माहितीये हिचं प्रकरण. हिनं हे सूड म्हणून केलंय!"

"हो, सर," मी म्हणाले. "सूड म्हणूनच केलं. पण नोंद खरी आहे."

खोत काही बोलायला उठले आणि त्यांची नजर वहीवर गेली. सहीबद्दल दोन वर्षांपूर्वी आपण काय म्हणालो होतो ते त्यांना आठवलं असावं. ते खाली बसले.

"आणि लावलं असतं तर?" चौगुल्यांनी विचारलं. "तर काय झालं असतं, बाई?"

मी बाही वर केली. पहिल्या रांगेला वण दिसला. मग मी सीलबंद डबी सरांच्या समोर टेबलावर ठेवली.

"हे सर सांगतील. सर, पट्टी तोडा आणि तुमच्या दंडावर लावा. दिवसातून दोनदा, फक्त तीन दिवस. नोंद मी ठेवीन. सही तुम्ही करा."

सगळे डबीकडे बघत होते. सरांचा हात टेबलावर होता, डबीपासून वीतभर अंतरावर. तो पुढे आला नाही. थोड्या वेळानं त्यांनी तो उचलून पाठीमागे नेला.

चौगुल्यांनी वही मिटून मला परत दिली. "आमची पोरंबाळं लावणार होती हो हे," ते एवढंच म्हणाले आणि दाराकडे चालू लागले. त्यांच्यामागून रांगा उठल्या.

मलम निघालं नाही. पुढच्या वर्षी त्या नियतकालिकानं तो लेख मागे घेतला. लोकांच्या भल्यासाठी मी हे केलं असं पुढे काहीजण म्हणाले. मी त्यांना दुरुस्त केलं नाही, पण तसं नव्हतं.

संध्याकाळी सहाला सर एकटेच कॉफीला न्यायला आले. आई दार उघडून आत निघून गेली. सर खुर्चीवर बसले नाहीत.

"तुला तेव्हाच सांगता आलं असतं," ते म्हणाले.

"सांगितलं होतं, सर."

कॉफी त्यांच्याजवळ गेली, पँट हुंगली. आपल्याभोवती काय झालं ते तिला माहीत नव्हतं. तिच्या अंगावर झबलं होतं. आईनं ते सकाळीच धुऊन, टाके काढल्यावर आणखी दोन दिवस असू दे म्हणून पुन्हा चढवलं होतं.

मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. अकरावं पान.

"तेवढी सही, सर. म्हणजे पुरं झालं."

पेनाकडे त्यांचा हात सवयीनं गेला आणि थांबला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वही दोन्ही हातांत घेतली, दिव्याखाली गेले, आणि पहिल्या शब्दापासून वाचायला लागले. पान मोठं नव्हतं. दिवस अकरावा, रविवार. टाके काढले, आठ. सूज नाही, लाली नाही, पाणी नाही. भूक उत्तम. मलम लावले नाही. डबी सीलबंद. कुत्री मालकाच्या ताब्यात दिली. एवढंच होतं. ते बराच वेळ वाचत होते. ओठ हलत होते. शेवटच्या ओळीवर आल्यावर त्यांनी पान उलटून मागची बाजूही बघितली. ती कोरी होती.

मग त्यांनी सही केली.

वही अजून माझ्या कपाटात आहे. दहा सह्या एकसारख्या आहेत, एका फटकाऱ्यात केलेल्या. अकरावी वेगळी आहे. तिचं प्रत्येक अक्षर वाचता येतं.